उजळ हळकुंड

रेवाचा पहिला दात पडला तो आजीच्या भाकरीत. कडक पापुद्रा चावता चावता पोर थांबली, तोंडात बोट घातलं आणि तांदळाच्या कणीएवढा दात काढून तळहातावर ठेवला. रडली नाही. "आजी. दात," एवढंच म्हणाली.

सात वर्षांची पोर आणि दोन शब्दांचं बोलणं. तिसरा शब्द जोडायचा तर तिला तो लांबून ओढून आणावा लागे. तिच्या बरोबरीची पोरं गल्लीतून पाढे म्हणत पळत, आणि रेवाची दहाच्या पुढं गेलं की बोटं हरवत.

शालनबाईनं दात उचलून घेतला. तिचे तळहात बघण्यासारखे होते. चाळीस वर्षं हळद शिजवून, वाळवून, निवडून हाताच्या रेघारेघांत पिवळा रंग बसला होता, आणि तो आता चितेवरच जायचा असं ती स्वतःच सांगे. रेवा तिला 'पिवळी आजी' म्हणायची. शालनबाईला ते नाव फार आवडे. कृष्णाकाठच्या त्या गावात तिच्या हातची हळद लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नसे आणि तिच्या घरचं हळकुंड उगाळल्याशिवाय बाळंतिणीची खोली बाळंतिणीची होत नसे. शाळा चौथीपर्यंत, पण जीभ वकिलाची. गावानं तिला आक्का म्हणावं आणि तिनं गावाला काहीही म्हणावं, असा रिवाज पडून गेला होता.

पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा आणि उंदीरमामाकडं नवा मागायचा, ही रीत. गावातली घरं सगळी स्लॅबची झाली होती आणि स्लॅबवर सौर पाट्या पसरल्या होत्या. कौलं उरली होती ती शालनबाईच्या हळद शिजवायच्या शेडवर, म्हणून सगळ्या गल्लीचे दात तिथंच यायचे. तिनं गोळी वळली, दात आत दाबला, हात उगारला आणि तसाच थांबवला.

तिला नसीमाचं मशीन आठवलं.

नसीमा मुलाणी ही आरोग्य केंद्रातली तपासनीस. गेल्या आठवड्यात बचत गटाच्या बायकांपुढं तिनं नवं आलेलं दंतलेख यंत्र उघडून दाखवलं होतं. घरगुती पिठाच्या चक्कीएवढी पांढरी पेटी.

"दात म्हणजे झाडाचं खोड समजा," नसीमा म्हणाली होती. "झाडाला वर्षाला एक कडं पडतं, दाताला रोज एक पापुद्रा चढतो. बाळ पोटात असतं तेव्हाच त्याचे दुधाचे दात हिरडीखाली घडायला लागतात. आईच्या पोटात जे जातं, त्यातले धातू त्या त्या दिवसाच्या पापुद्र्यात बसतात, आणि बसले की उठत नाहीत. जन्मताना बाळाला जो धक्का बसतो, त्याची ठळक रेघ दातात उमटते. त्या रेघेपासून मागं मोजलं की पोटातले दिवस, पुढं मोजलं की बाहेरचे. पूर्वी हे मोठ्या प्रयोगशाळेत व्हायचं, महिने जायचे. आता ही पेटी किरणानं दाताला केसाएवढी चर पाडते, उडालेली धूळ हुंगते आणि अर्ध्या तासात सांगते."

"म्हंजे सासूनं काय खाऊ घातलं त्ये बी कळणार की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

"माझ्या नातीच्या दाताला विचारा," शालनबाईनं तिथल्या तिथं टोला दिला होता. "साजूक तूप निघंल."

पण 'रोज एक पापुद्रा' हे तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. दात जर दिवसन् दिवस सांगत असेल, तर तो दिवसही सांगेल.

तिनं शेणाची गोळी फोडली, दात धुतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

तो दिवस तिला तोंडपाठ होता. अमावास्येची दुपार, सूर्यग्रहण, आणि सून प्रणाली सहा महिन्यांची पोटुशी. शालनबाईनं दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. विळी उचलून ठेवली होती, पाण्यात तुळशीपत्र टाकलं होतं. प्रणाली बी.एस्सी. झालेली, गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवणारी. ती काळे चष्मे पिशवीत भरून निघाली.

"आत्ती, सावली आहे ती. चंद्राची. सावलीनं कुणाला काय होतंय?" सासूला आत्ती म्हणायची त्या भागातली रीतच.

"सावली! वडाच्या सावलीत अन् बाभळीच्या सावलीत फरक असतोय का न्हाई?"

प्रणाली हसली आणि गेली. मैदानावर पोरांच्या घोळक्यात उभं राहून तिनं ग्रहण पाहिलं. ते हसणं शालनबाईला विसरता आलं नाही.

दुसऱ्या सकाळपासून तिनं उतारा सुरू केला. देवघरातल्या डब्यातली हळद, भरला चमचा, ऊन दुधात. सून शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही जगाची रीत. पण ग्रहण न पाळणाऱ्या पोरीला तिच्या आईच्या हवाली करायला शालनबाई तयार नव्हती. "माझ्या नजरेखाली हुईल," ती म्हणाली आणि झालंही. रेवा जन्मली. गोरीपान, टपोरी. बाळगुटीत सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे द्यायचे, तिथं आजीनं चार दिले. ग्रहण उतरायला नको?

पण पोर दोन वर्षांची झाली तरी बोलेना. मग शालनबाई बोलू लागली. गिरणीत, हळदी-कुंकवात, लग्नाच्या मांडवात. "गिराणानं खाल्ली माझी नात. आईची हौस, लेकराचा घात." वाक्य गावाला इतकं आवडलं, की लोक तिलाच ते ऐकवत. प्रणालीनं चार वर्षं ऐकून घेतलं, मग तालुक्याच्या शाळेत बदली मागून रेवाला घेऊन ती निघून गेली. शालनबाईचा मुलगा धैर्यशील हळदीचा व्याप सांभाळायला इथंच राहिला. दर शनिवारी मोटारसायकल काढायचा आणि सोमवारी तोंड शिवल्यासारखा परतायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं रेवाला इथं आणलं होतं आणि आता मात्र आईला शब्द दिला होता की ह्या जूनपासून रेवा इथंच राहील. प्रणालीनं तालुक्यात तिच्यासाठी एक वेगळा वर्ग शोधून ठेवला होता, बोलायला-शिकायला हळू असणाऱ्या मुलांचा. पोर इथं की तिथं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी प्रणाली त्या शनिवारी सकाळीच हजर झाली.

"रेवाचा दात पडलाय. कौलावर टाकला?" तिनं चप्पल काढता काढता विचारलं.

"टाकीन कशाला? तुझ्या पापाचा पुरावा हाय त्यो." शालनबाईनं पदराची गाठ दाखवली. "दाताचं मशीन दिवसाचा हिशेब देतंय म्हणं. मग गिराणाचा दिवस बी निघंल. निघाला तर पोर हितं राहील, अन् तू तोंड वर करून बोलायचं न्हाई."

"आणि नाही निघाला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"आई, दातावरनं कोण पोरीचं ठरवतंय का?" धैर्यशील मध्ये पडला.

"तुझं तुला ठरवता आलं असतं, तर दात मधी आला असता का?"

प्रणालीनं सासूकडं नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नवलच होतं. "आत्ती, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा पुरावा मागताय," ती म्हणाली. "चला. मला मान्य आहे."

आरोग्य केंद्रात शनिवारी दुपारपर्यंत गर्दी नसते. नसीमानं दात चिमट्यानं धरून पेटीत ठेवला. पेटी मांजरासारखी गुरगुरू लागली. रेवा तिच्या पांढऱ्या अंगावर गाल टेकून ऐकत उभी राहिली. शालनबाई खुर्चीत ताठ बसली होती, पंचायतीत बसावी तशी.

पडद्यावर रेघा उमटल्या. हिरवी, निळी, तांबडी, जांभळी, एकीखाली एक, ओढ्यात पडलेल्या दोऱ्यांसारख्या.

"ही मधली काळी उभी रेघ दिसते? हा रेवाचा जन्म," नसीमा म्हणाली. "डावीकडं पोटातले दिवस. तारीख सांगा, आक्का."

शालनबाईनं तारीख सांगितली. वारही सांगितला. नसीमानं जन्मरेघेपासून मागं मोजलं आणि बोट ठेवलं.

जांभळी रेघ तोवर बेताच्या उंचीवर झोपल्यासारखी सपाट होती. त्या दिवसाच्या जरा पुढं ती उठली. पायरीसारखी उभी राहिली आणि चढत गेली.

"हे बघा!" शालनबाईनं टेबलावर थाप मारली. "काय म्हंत हुती मी? गिराणाच्या दिवसापासनं! मशीन सांगतंय, मी न्हाई! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय का?"

धैर्यशीलनं बायकोकडं पाहिलं. प्रणालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिकलीसवरलेली ती बाई, पण आईच ना. क्षणभर तिलाही वाटलं असावं की त्या मैदानावर आपल्या हातून काहीतरी झालं. शालनबाईनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त सललं ते हेच, की त्या घडीला आपल्याला बरं वाटलं होतं.

"आक्का, बसा," नसीमा हळू म्हणाली. तिनं रेघ मोठी केली. "ही रेघ शिशाची आहे. शिसं, धातू. आपल्या शरीराला ते ओळखू येत नाही. त्याला वाटतं चुनाच आलाय हाडासाठी, म्हणून ते त्याला हाडात, दातात जागा देतं. लहान मेंदूला त्याच्यासारखं वाईट काही नाही. सूर्य झाकला म्हणून आभाळातून शिसं पडत नाही. हे तोंडावाटे गेलंय, आणि रोज गेलंय. बघा, एक दिवस उतरत नाही. जन्मानंतर तर दुपटीनं चढलंय." ती शालनबाईकडं वळली. "ग्रहणानंतर तुमच्या घरात रोजचं असं नवीन काय सुरू झालं?"

धैर्यशीलची मान आधी खाली गेली. प्रणालीचा हात रेवाच्या डोक्यावर होता, तो तिथंच थांबला. तिला उत्तर माहीत होतं हे तिच्या हातावरून कळत होतं. पण ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शालनबाईला भांडता आलं असतं.

"हळद," शेवटी शालनबाईच म्हणाली. "हळदीचं दूध दिलं मी. मग? हळदीत कसलं इख? देवाला वाहतोय आपण हळद. नवऱ्या मुलीला लावतोय. जखमंवर दाबतोय. हळदीत इख असतं तर गाव जित्तं राहिलं असतं का?"

"हळदीत नसतं, आक्का. हळदीवर काय चढवलं, ते सांगा."

शालनबाई उठली. धैर्यशील गाडीची किल्ली घेऊन मागं आला, तर त्याला हातानं थांबवलं. ती उन्हातून चालत घरी गेली आणि दोन पुड्या घेऊन चालत परतली. एकीत देवघरातल्या डब्यातली हळद. दुसरीत शेडमागं पडलेलं, पॉलिश न केलेलं, मातकट कच्चं हळकुंड. वाटेत तिनं देवीला सांगून ठेवलं होतं की डब्याचा मान राख.

पेटीनं मान राखला नाही. कच्च्या हळकुंडात काही निघालं नाही. डब्यातल्या हळदीवर जांभळी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

"कमी हुईल का आता पोरीचं?" शालनबाईनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"रक्तातलं कमी होतं. हाडातलं राहतं, हळूहळू निघतं. मेंदू घडायचं जे वय होतं ते मात्र गेलं," नसीमा म्हणाली. तिनं शब्द मऊ केले नाहीत आणि त्याबद्दल शालनबाईला तिचा आदरच वाटला. "शिकवत राहिलं तर पोर पुढं जाईल. तिच्या चालीनं."

दात परत मिळाला. त्याच्यावर केसाएवढी एक चर होती, बाकी होता तसा. शालनबाईनं तो पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

नऊ वर्षांपूर्वी काढणीनंतर पाऊस आला होता आणि वाळत घातलेली हळद काळवंडली होती. एक फिरता माणूस पिवळी पूड देऊन गेला. पॉलिशच्या ड्रममध्ये वाटीभर टाका म्हणाला. ड्रम फिरला आणि काळं हळकुंड सोन्याचं होऊन बाहेर पडलं. त्या वर्षी तिच्या हळदीसारखी हळद बाजारात नव्हती. मग पुढच्या वर्षी पाऊस आला नाही तरी पूड आली. उजळ तीच चांगली हळद, हे घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्याला ठाऊक; कुणी कुणाला विचारत नव्हतं. आणि शालनबाईचा एक अभिमान होता. लोक चांगलं बाजारात पाठवतात आणि पोचट घरी ठेवतात, तशी ती कधी वागली नाही. बाजाराच्या मालाला एक वाटी, तर देवाच्या, बाळंतिणीच्या, नवरीच्या हळदीला ती दोन वाट्या टाकायची. घरच्यांना सगळ्यात उजळ.

घरी आल्यावर ती शेडमध्ये गेली आणि ड्रमखालून पिवळ्या पुडीची पिशवी ओढून काढली. प्रणाली रेवाचे कपडे पिशवीत भरत होती. शालनबाईनं पुडीची पिशवी तिच्यापुढं धरली.

"वाच."

बारीक इंग्रजी अक्षरं होती. प्रणालीनं वाचलं, आणि मराठीत सांगितलं. "रंगकामासाठी. खाण्यासाठी नाही. लहान मुलांपासून दूर ठेवा."

"एवढंच?"

"एवढंच."

"नऊ वरसं हीच पिशवी येतीया. तू सात वरसं ह्याच घरात हुतीस. बी.एस्सी. शिकलेली." बोलता बोलता जुना धारदार सूर आपोआप आला. "एकदा बी डोळं उघडून बघितलं न्हाईस?"

"ड्रमजवळ तुम्ही येऊ देत नव्हता मला," प्रणाली म्हणाली. "बाईची अडचण असली-नसली तरी. सुनेची सावली पडली की हळद काळी पडते म्हणायचा."

सावली! वाचून दाखव म्हणायला शालनबाईला एक हाक पुरली असती. पण सुनेला विचारायचं? ज्या घरात तिनं कुणाला कधी पाण्याची घागर कुठं ठेवायची हे विचारलं नाही, तिथं कालच्या पोरीला कागद वाचायला लावायचा?

"तू भांड की माझ्यासंगं," ती एकदम म्हणाली. "शिव्या दे. माहेरी धाडली असती तर..."

प्रणालीनं कपड्यांच्या पिशवीची चेन ओढली. "मी पण ते दूध प्यायलेच ना, आत्ती. वाद नको म्हणून. सगळ्या जगाला प्रश्न विचारायला शिकवते मी, आणि रोज सकाळी डोळे मिटून पेला रिकामा करत होते." तिनं पिशवी खांद्याला लावली. "रेवाला नेते. गावात मी कुणाला काही सांगणार नाही. तुमच्या हळदीचं तुम्ही बघा."

रेवा जाताना हात हलवत राहिली. "पिवळी आजी," म्हणाली. शालनबाईनं हात पदराखाली घेतले.

रविवारी सकाळी धैर्यशीलनं ड्रमचा पट्टा काढून ठेवला. आई काही म्हणेल म्हणून तो वळला, तर आई दारात नव्हतीच. ती गल्लीत निघाली होती, पहिल्या घरापासून.

"माझी हळद परत द्या."

"का ओ आक्का? कमी पडली का काय?"

"इख हाय तिच्यात. शिसं. मशीननं सांगितलं. माझ्या नातीच्या दातात निघालं." आणि ती पदराची गाठ सोडून दात दाखवी.

बायका दात बघत. मग तिच्या तोंडाकडं बघत. कुणी हसे, कुणी चहा टाकू का विचारी. एक-दोघींनी डबा आणून दिला, तो आक्काची मर्जी राखायला. घरात दुसरा असणारच. दुपारपर्यंत ती अनुसाकाकूच्या दारात पोचली. अनुसाकाकू तिच्याच वयाची, तिच्याच हळदीवर तीन नातवंडं वाढवलेली. तिची धाकटी सून हर्षदा सात महिन्यांची होती आणि ओसरीवर बसून पेला तोंडाला लावत होती. दूध पिवळंधमक होतं.

"पिऊ नगंस!" शालनबाई ओरडली. पोरीनं दचकून पेला खाली घेतला.

"अगं शालन, याड लागलं का काय?" अनुसाकाकू आतून आली. "तुझ्याच सांगण्यावरनं देतीया मी. पुढल्या महिन्यात गिराण हाय, आधीपासनं अंग राखाया पायजे म्हणालीस का न्हाईस? चैतात, हितंच, ह्याच पायरीवर बसून?"

"म्हणाली. चुकली मी."

"तुझी नात गिराणानं गेली. सारं गाव जाणतंय. आईची हौस, लेकराचा घात," अनुसाकाकूनं तिचंच वाक्य तिच्या हातावर ठेवलं. "आता सुनेचं पाप हळदीच्या डोक्यावर कशाला घालतीस? हळद लक्ष्मी हाय."

"गिराणानं काय झालं न्हाई! सावली हाय ती! चंद्राची!"

हे शब्द तोंडातून गेले आणि शालनबाईलाच ते उसने वाटले. अनुसाकाकूनं कपाळाला हात लावला. तिला सगळं कळून चुकलं होतं. "सुनेनं केलं हो काहीतरी हिला," ती आत बघून हलक्या आवाजात म्हणाली. "शनवारी आली हुती ती. शनवारीच."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. प्रणालीनं सासूवर करणी केली. दात घेऊन आली होती म्हणे, दातावरच केली. शालनबाई दारोदार जाऊन खरं सांगत राहिली आणि जितकं सांगे तितकी करणी पक्की होत गेली. तिची जीभ चाळीस वर्षं ह्या गावात चालली होती. खोटं सांगितलं तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही, आणि आता पुरावा पदरात बांधून फिरत होती तर कुणी गाठ सोडू देत नव्हतं. सून कधीच नव्हती एवढी आज त्या गावात वाईट झाली होती, आणि तीही शालनबाईच्याच तोंडामुळं.

एकटी हर्षदा दुसऱ्या दिवशी पदराखाली पेला झाकून नसीमाकडं गेली. तेवढं एक नसीमानं शालनबाईला नंतर सांगितलं.

दिवाळीच्या आधी शालनबाई तालुक्याला गेली. धैर्यशील श्रावणातच बायकोकडं राहायला गेला होता. शेती कसायला देऊन त्यानं शेडला कुलूप लावलं होतं. कौलं तशीच होती, पण तिथं दात टाकायला आता कुणी येत नव्हतं. अंगणात गल्लीतलं कुणी बसत नव्हतं. शालनबाईला लोकांचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. प्रणालीनं दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. आत्ती म्हणाली. पण 'राहा' म्हणाली नाही, आणि शालनबाईनं पिशवीत साडी आणली होती ती काढली नाही. शेल्फावर मसाल्याचे डबे होते, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. "कधी तपासलं, ते," प्रणाली म्हणाली.

रेवा वर्गातून आली. आजीला पाहून धावत आली आणि सवयीनं तिचा हात धरून उलटा केला. मग तशीच बघत राहिली. पाच महिने हळदीला हात लागला नव्हता. तळहात पांढुरका, सुरकुतलेला, कुणाही म्हातारीचा असतो तसा झाला होता.

"आजी," रेवा म्हणाली. मग खूप लांबून एक शब्द आणला, आणखी एक आणला. "पिवळं... कुठं... गेलं?"

तीन शब्द. प्रणाली आतल्या दारात चहाची कपबशी घेऊन थांबली. शालनबाईच्या तोंडात उत्तर आलं होतं. तुझ्या हाडात गेलं, बाई. तिनं ते गिळलं.

"धुतलं," ती म्हणाली.

रेवाला ते पटलं नाही. तिनं दप्तरातून रंगीत खडूंची पेटी काढली, पिवळा खडू शोधला आणि आजीचा हात मांडीवर ओढून घेतला. पहिल्या रेघेवर खडू टेकणार, तेवढ्यात शालनबाईनं हात झटकन मागं घेतला.

"प्रणाली," तिनं सुनेकडं वळून विचारलं. "ह्या खडूत काय न्हाई न्हवं?"

"नाही, आत्ती. तपासलाय."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

तेव्हा शालनबाईनं हात पुन्हा नातीपुढं पसरला, आणि रेवा जीभ दातांच्या खिंडीतून बाहेर काढून, एकेक रेघ धरून, तो सावकाश रंगवू लागली.